रविवारी सुट्टी घेणारं बाळ

माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे म्हणतात, आणि तेसुद्धा मी भांडी घासत असताना, नळाच्या आवाजात. मोठ्यानं म्हणायची टाप नाही. पण खरं सांगते, सूनबाईला दिवस गेल्यापासून मी तोंड पुष्कळ आवरलं होतं. दिवसातून दोनदा रागवायचं ते एकदाच रागवायची, आणि त्यातलाही निम्मा राग चिरंजिवांच्या वाट्याला घालायची. त्याला सवय आहे.

सूनबाई आणि मी एकाच कारखान्यात शर्ट शिवतो. ती कॉलर लावते, मी बाह्या जोडते. लांबलचक हॉल, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाला एक जोडलेली टेबलं, आणि त्यांवर मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनी. सगळ्या एकदम सुरू झाल्या की टेबल असं थरथरतं की त्यावर ठेवलेला चहाचा कप आपला आपण चालत कडेला जातो. नवीन आलेल्या बाईचा पहिल्या आठवड्यात एक तरी कप फुटतोच. सूनबाईचा फुटला नव्हता. आली त्या दिवशी तिनं कप सरळ खाली, पायाशी ठेवला. तेव्हाच मी मनात म्हटलं, पोरगी डोक्यानं चालते, आमच्या घरात एक तरी असं माणूस हवं. मग मीच पुढाकार घेऊन तिला चिरंजिवांच्या गळ्यात मारलं. तो म्हणतो त्यानं पसंत केली. म्हणू दे बापडा.

तर सातवा संपला, आठवा लागला आणि सूनबाईचं पोट टेबलाच्या कडेला टेकायला लागलं. कॉलरचं काम असं असतं की टोक नीट आलं पाहिजे, त्यासाठी डोळा जवळ न्यावा लागतो, त्यामुळे ती खुर्ची पुढे ओढूनच बसायची. आणि दर थोड्या वेळानं तिचा चेहरा फुलायचा.

"आई, बघा ना, कसं नाचतंय!"

मी बाही मांडीवर टाकून वाकायची, पण माझा हात तिथवर पोचेपर्यंत मागून आमचा सुपरवायझर खाकरायचा. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. कोणी जागेवरून हललं की तो मनगटाकडे बघतो. सूनबाई मुतारीला उठली तरी मनगटाकडे बघायचा. मुतारी मागच्या अंगणाच्या पार टोकाला, तिला अवघडल्या अंगानं जायला-यायला वेळ लागायचा. एकदा मी त्याला सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय हो, तुमच्या आईनं तुम्हाला मनगटात वाढवलं होतं का?" त्या दिवसापासून तो खाली मान घालून मनगटाकडे बघतो. पण सूनबाई भिडस्त. तिनं उठणं टाळायला पाणीच पिणं कमी केलं. मी बाटली भरून ठेवायची, संध्याकाळी ती तशीच्या तशी परत यायची, आणि मग घरी तिची नि माझी जुंपायची.

घरी आली की बाळ शांत. रविवारी तर हूं नाही की चूं नाही.

"माझ्यावर गेलंय," चिरंजीव पलंगावर लोळत म्हणायचा. "आठवडाभर राबायचं आणि रविवारी पडून राहायचं. सुट्टी म्हणजे सुट्टी."

"तू आठवडाभर राबतोस?" मी विचारायची. तो व्हॅनमधून पिण्याच्या पाण्याचे मोठमोठे जार घरोघरी, ऑफिसात पोचवतो. काम जड आहे, नाही म्हणत नाही, पण दोन मजले चढला की गिऱ्हाइकाकडे बसून गप्पा मारतो, हेही मला माहीत आहे.

आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "होईल, होईल, बाळ पुढे कामाचं होईल." यांचं सगळ्याला एकच उत्तर. गळकं छप्पर, तापलेलं पोर, चुकलेली बस, काहीही असो, "होईल." या एका शब्दावर माणसानं सगळी हयात काढली. आणि आम्ही सगळे हसायचो. रविवारी सुट्टी घेणारं बाळ! कारखान्यात सांगितलं तर अख्खी रांग हसली. घड्याळसुद्धा म्हणाला, असा कामगार मिळायला भाग्य लागतं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हालचाल कशी आहे?"

"भरपूर!" सूनबाई म्हणाली. "दिवसभर थांबतच नाही."

"छान," म्हणून त्यांनी तसं लिहून टाकलं. पुढची तपासणी ठरली, आम्ही घरी आलो.

आणखी एक सांगायचं राहिलं. तिच्यासाठी मी एक सैल झगा शिवला होता. दोन्ही बाजूंच्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती, पोट वाढेल तशी एकेक टीप उसवायची की झालं. सुरुवातीला मी दर काही दिवसांनी उसवत होते. मग ते थांबलं. मी विचारलं, "काय गं, घट्ट नाही होत?" तर म्हणाली, "नाही हो आई, उलट जरा ऐसपैसच वाटतंय. बाळ काटकसरी आहे, तुमचं कापड वाचवतंय." आणि मी, जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेत आलेली बाई, यावर हसले आणि कात्री डब्यात टाकली.

मग आठवा सरला, आणि एक दिवस कामाच्या भर गर्दीत लाइट गेली.

लाइट गेली की आमच्याकडे शाळा सुटल्यासारखं होतं. मशीनी एकदम गप्प, बायका एकदम सुरू. कोणी पाय लांब केले, कोणी डबा उघडला. मी खुर्ची वळवून सूनबाईकडे बसले. म्हटलं, आता घड्याळ बंद पडलंय तोवर नातवंडाशी दोन शब्द बोलून घेऊ. तिच्या पोटावर हात ठेवला.

"काय गं, तुझा नाचरा आज झोपला का?"

"लाइट गेली ना," सूनबाई सहज म्हणाली. "लाइट गेली की तोही थांबतो. आली की लगेच सुरू. इतका शहाणा आहे!"

पलीकडच्या दोघी-तिघी खदाखदा हसल्या. "बाई, बाळ आहे का पंखा?" एकजण म्हणाली. मीही हसले. हसता हसता माझा हात तिच्या पोटावरच होता, आणि तो हसत नव्हता. हाताखाली काहीच नव्हतं. एक ढुशी नाही, एक लाथ नाही. पोट लहानसं, आवळलेलं. मी दोन बाळंतपणं काढलेली बाई, आठवा सरल्यावर पोट कसं लागतं ते माझ्या हाताला माहीत आहे. हे तसं लागत नव्हतं.

"आधी कधी गेली होती लाइट?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात गेली होती की. तेव्हाही असाच थांबला होता."

तेवढ्यात लाइट आली. टेबल थरथरायला लागलं. सूनबाईचा चेहरा उजळला. "बघा! उठला!"

"खुर्ची मागे घे," मी म्हटलं.

"अहो, कॉलर अर्धी..."

"घे म्हणते ना मागे!"

माझा आवाज जरा चढला असणार, कारण रांगेतल्या दोन मशीनी थांबल्या. तिनं खुर्ची मागे सरकवली. पोट टेबलापासून सुटलं.

"आता हलतंय?"

ती थांबली. मान किंचित तिरकी करून, दुसऱ्या खोलीतला आवाज ऐकावा तशी ऐकत राहिली. मग आपण होऊन खुर्ची पुढे ओढली, पोट टेबलाच्या कडेला टेकवलं. मग परत मागे गेली. मला काही सांगावंच लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी समोर बसून पाहिला.

"आई," ती म्हणाली, "हे टेबल आहे हो."

रांगेतल्या मशीनी एकामागून एक थांबल्या. या रांगेत कोणाला पोरंबाळं नाहीत? सगळ्यांना आहेत. सगळ्याजणी इतके दिवस त्या बाळाच्या नाचावर हसत होत्या. घड्याळ पुढे आला, मनगटाकडे न बघता म्हणाला, "जा, तुम्ही दोघी जा. मी हजेरीचं बघतो." त्याला त्या दिवशी मी मनातून सगळं माफ केलं.

चिरंजिवाला फोन लावला. तो व्हॅन घेऊन आला, मागे जार गडगडत होते. सूनबाईला पुढे बसवलं, मी मागे दोन जारांच्या मध्ये. एरवी मी त्याला म्हटलं असतं की हळू चालव, पाणी हिंदकळतंय. त्या दिवशी म्हटलं, "चालव रे बाबा, चालव." सूनबाई दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती आणि पुटपुटत होती, "हल ना, एकदा हल ना."

दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांनी पोटाला पट्टे बांधून ठोके ऐकवले. ठोके होते. टक टक टक टक, घाईघाईचे. मला तेवढ्यानंच रडू आलं, पण मी ते चिरंजिवावर काढलं. म्हटलं, "असा खांबासारखा काय उभा आहेस, तिची चप्पल उचल." मग सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघत तीच जागा तीन-तीनदा तपासली.

"बाळाभोवतीचं पाणी बरंच कमी झालंय," त्या म्हणाल्या. "म्हणून पोटही वाढलं नाही, आणि हलायला बाळाला जागाही उरली नाही. कपडे ओले झाल्यासारखं, पाणी गेल्यासारखं काही वाटलं होतं?"

"नाही," सूनबाई म्हणाली. मग एकदम, "मी पाणी कमी प्यायचे. त्यामुळे झालं का?"

"तेवढ्यानं इतकं होत नाही. पाणी प्यायला हवं होतं, ते खरं. पण मला वाटतं, नाळ जिला जोडलेली असते त्या वारेकडून बाळाला रक्तच कमी पोचतंय. बाळ लहान दिसतंय. मग बाळ काय करतं, आहे ते रक्त मेंदूला आणि हृदयाला आधी देतं. किडन्यांच्या वाट्याला कमी येतं. लघवी कमी होते आणि पाणी कमी होतं."

"लघवीचा आणि पाण्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"आजी, शेवटच्या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बहुतेक बाळाची लघवीच असते. ते पाणी गिळतं, परत बाहेर टाकतं."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. मला खरंच पटेना. आम्ही त्या पाण्याला जन्मभर काय काय समजत आलो होतो. चिरंजीव मात्र गंभीरपणे मान हलवत होता. पाण्याचा धंदा त्याचा.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मग खुर्ची ओढून सूनबाईजवळ बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं, बातमी चांगली नाही. त्या म्हणाल्या, "दुसरी एक शक्यता मी तुमच्यापासून लपवत नाही. कधीकधी किडन्यांतच दोष असतो. मला बाळाचं मूत्राशय रिकामं दिसतंय. पाणी कमी असलं की चित्रही धड दिसत नाही, त्यामुळे खात्रीनं काही सांगता येत नाही. ते जन्मल्यावरच कळेल. पण दिवस भरत आलेत, आत ठेवण्यात आता फायदा नाही. आज लक्ष ठेवू, उद्या सकाळी कळांचं औषध लावू. आणि आज आलात ते फार बरं केलंत."

सूनबाईला दाखल करून घेतलं. चिरंजीव कुठेतरी गायब झाला. मला वाटलं, पळाला. थोड्या वेळानं बघते तर हा पठ्ठ्या खांद्यावर पाण्याचा अख्खा जार घेऊन वॉर्डच्या दारात उभा. सिस्टर त्याला अडवतेय आणि हा तिला सांगतोय, "सीलबंद आहे हो, सीलबंद!"

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "गावभर पाणी पोचवतोस आणि घरचं कमी पडलं होय रे? आता काय नळी लावून भरणार आहेस?"

सूनबाई दुपारपासून पहिल्यांदा हसली. मग मी तिला पेल्यामागून पेला देत बसले. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आता कानातून येईल हो." डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, जार बघून म्हणाल्या, "पिऊ दे, थोडाफार उपयोग होतो. पण मी यावर विसंबून राहणार नाही." आमचे हे आले, पायाशी उभे राहिले, जारकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि म्हणाले, "होईल." तोच शब्द ऐकायला मी बसले होते, पण हे त्यांना कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध लावलं. मी तिचं डोकं विंचरून घट्ट वेणी घातली. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि तशीच, तोंड न दाखवता म्हणाली, "आई, मला कळलं कसं नाही? टेबलाचं हलणं नि बाळाचं हलणं, एवढंही कळू नये?"

"तुझं पहिलंच आहे," मी म्हटलं. "तुला कुठून कळणार? आधी कधी पोटात काही हललं होतं का तुझ्या? मला दोन झालीत, मला कळायला हवं होतं. मी काय करत होते? मी हसत होते."

"तुम्ही रागवा ना," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं बरं बरं बोलताय, मला जास्त भीती वाटते."

मग मी तिला रागावले. वेणी किती पातळ झालीय, खात का नाहीस, मान सरळ ठेव, सगळं एका दमात. तिला बरं वाटलं. मला जराही बरं वाटलं नाही.

कळा सुरू झाल्या, आणि प्रत्येक कळेबरोबर त्या यंत्रातले ठोके मंद व्हायला लागले. टक टक टक, मग टक... टक... कळ गेली की परत धावायचे. डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि सांगितलं, "आता थांबायचं नाही. सिझर करू." पाच मिनिटांपूर्वी रिकामा असलेला बोळ एकदम माणसांनी भरला. सूनबाईला स्ट्रेचरवरून ढकलत नेताना तिनं नवऱ्याचा हात सोडला आणि माझा धरला. चिरंजिवाला वाईट वाटलं असेल, पण मी काही हात सोडवून त्याला दिला नाही.

दाराबाहेर आम्ही तिघं. मी एरवी देवाशीसुद्धा भांडते, पण तेव्हा नुसती चिरंजिवाची बाही धरून उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग काहीतरी पडल्यासारखं, मग माणसांची कुजबुज, आणि मग दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज. परत एकदा. मग जरा मोठ्यानं. आमचे हे म्हणाले, "झालं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "होईल" सोडून दुसरं काही म्हटलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

मुलगी. दोन किलोला जेमतेम. कपड्यात गुंडाळून दारातून दाखवली आणि नेलीसुद्धा. मी एवढंच पाहिलं की अंगावर मास नाही, कातडी सैल, कपाळाला आठ्या. कोणावर गेली ते सांगायला नको.

बाळांचे डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. म्हणाले, "श्वास चांगला आहे, रडली छान. वजन कमी आहे, ते भरून निघेल. साखर आणि ताप बघत राहू. आता एकच वाट बघायची. तिनं लघवी करायला हवी. उद्या दुपारपर्यंत नाही केली तर पोटाची सोनोग्राफी आणि रक्त तपासू."

"आणि मग?" चिरंजिवानं विचारलं.

"मग बघू," ते म्हणाले. पोटातलं ते रिकामं मूत्राशय आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

मग आमच्या घराण्याला दुसरा विषयच उरला नाही. सूनबाई वर, टाके घातलेली, उठायची बंदी. बाळ खाली, काचेच्या खोलीत. मध्ये जिना, आणि जिन्यावर चिरंजीव वर-खाली, वर-खाली. काचेजवळ जायचा, आतल्या सिस्टरला करंगळी दाखवून भुवया उडवायचा. ती मान हलवायची. हा वर जायचा, सूनबाई विचारायची, "केली?" हा मान हलवायचा. परत खाली. बाहेर बसलेले दुसऱ्या बाळांचे नातेवाईकही विचारायला लागले, "काय, झाली का तुमची?" एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "नळ सोडून आवाज ऐकवा, लहान मुलं करतात." मी त्यांना म्हटलं, "मग चिरंजिवालाच सांगते, जार ओतून दाखव म्हणावं." सगळे हसले. हसत होते, पण काचेकडे बघायचं कोणी सोडत नव्हतं.

आणि सूनबाई? तिनं रात्रीपासून एक अश्रू काढला नव्हता. नुसती छताकडे बघत पडलेली. सकाळी मी गेले तर दूध काढून वाटीत ठेवलं होतं, चार थेंब. म्हणाली, "हे द्या तिला. प्यायली तर होईल ना?"

मी वाटी घेऊन खाली आले. सिस्टरनं चमच्यानं पाजलं. पोरगी चाटूनपुसून प्यायली. मग सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "तिची आई खाली येऊ शकत नाही, तोवर तुम्ही धरा. वजन कमी असलेल्या बाळाला माणसाच्या अंगाची ऊब लागते. कातडीला कातडी."

"मी?" मी म्हटलं. "माझ्या हाडांवर?"

"हाडं चालतील," ती म्हणाली. तिलाही जीभ होती, मला आवडली ती.

मला हातपाय धुवायला लावले, दवाखान्याचा पुढून उघडा झगा घातला, खुर्चीत रेलून बसवलं, आणि ते एवढंसं गाठोडं, डोक्याला टोपी, कमरेला सुती लंगोट, माझ्या छातीवर पालथं ठेवलं. वरून झगा बांधला. तिचं डोकं माझ्या गळ्याखाली. श्वास लागत होता, पण नाहीसारखाच. मी आयुष्यभर कापड हाताळलं, पण इतकं हलकं काही माझ्या अंगावर कधी कोणी ठेवलं नव्हतं. मी हलेना. खाज सुटली तरी हलेना. आणि मग, त्या खोलीत मोठ्यानं बोलायची बंदी होती तरी, मी तिच्याशी हळूहळू बोलायला लागले. म्हटलं, "हे बघ बाई, तुझ्या बापानं जिने चढून चढून पाय मोडून घेतलेत. तुझी आई वर पडलीय, ती रडतसुद्धा नाही. तू आमच्यावर रागावलीस ते कळलं मला. तू आत अडकली होतीस आणि आम्ही बाहेर हसत होतो. रागव, खुशाल रागव. जन्मभर रागव. पण एवढं एक काम कर. माझ्या अंगावर कर, मी काही म्हणणार नाही."

ती झोपली. मीही डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे.

मग मला पोटावर काहीतरी कोमट लागलं. आधी वाटलं घाम. मग ते सरकलं, लंगोटातून झिरपलं, माझ्या बेंबीपाशी आलं, झगा चिकटला.

"झाली!" मी ओरडले.

सिस्टर धावत आली, तिला वाटलं बाळाला काहीतरी झालं. दोन यंत्रांपलीकडचं बाळ दचकून रडायला लागलं. "आजी! इथं ओरडायचं नाही!"

"अगं, झाली! बघ ना! ही बघ!"

काचेबाहेर चिरंजिवानं माझं तोंड बघितलं, मी काय म्हणतेय ते त्याला ऐकू जायची गरजच नव्हती. तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून मागे वळला आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मिठी मारली. डॉक्टर आले, लंगोट बघितला, पोट चाचपलं, म्हणाले, "छान. भरपूर आहे. सोनोग्राफी तरी करून घेऊ एकदा, पण आता मला काळजी वाटत नाही." माझा जीव भांड्यात पडला. मी रडत होते आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता, तर सिस्टरनंच पुसलं.

तिनं बाळाला उचलून कोरडं केलं आणि मला म्हणाली, "आजी, तो झगा काढा, दुसरा देते." मी म्हटलं, "थांब जरा." तशीच उठले, झगा आवळून धरला आणि जिना चढले.

सूनबाई दाराकडेच बघत होती. चिरंजीव आधीच येऊन सांगून गेला होता, पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिला बरं वाटावं म्हणून आपण काहीही सांगू, असं तिला वाटत असणार.

"खरंच?" तिनं विचारलं. "खरंच केली?"

मी तिच्याजवळ गेले आणि झग्याची ओली बाजू तिच्यापुढे धरली. तिनं ती दोन बोटांत धरली, अंगठ्यानं चोळून पाहिली, आम्ही नवीन तागा आला की कापड पारखतो तशी. मग तिनं मला कमरेशी ओढलं, टाक्यांची पर्वा न करता, आणि त्या ओल्या कापडात तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागवायला काही सुचलं नाही.

"आई," रडता रडता ती म्हणाली, "अजून गरम आहे हो."